टाकाऊचे मोल : वर्धा जिल्ह्यातील जुळणी-कलेची पूर्वपीठिका

टाकून दिलेल्या, मोडलेल्या किंवा अवचित सापडलेल्या वस्तू एकमेकींना जोडून त्यांतून नवी कलाकृती उभी करण्याच्या पद्धतीला आधुनिक कलाविचारात 'असेंब्लाज' असे नाव असून मराठीत तिला जुळणी-कला म्हणता येईल. या कलेचा इतिहास बहुधा युरोपातील मोजक्या शहरांपासून सांगितला जातो. पॅरिसमध्ये १९१२ साली पाब्लो पिकासोने वेताच्या विणीची नक्षी छापलेले मेणकापड चित्रात चिकटवले आणि चौकटीच्या जागी दोर गुंडाळला. १९१३ मध्ये मार्सेल द्युशाँने सायकलचे चाक स्टुलावर उभे केले. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ पासून, हानोव्हर शहरात कुर्ट श्विटर्स तिकिटांचे कपटे, चिंध्या, खिळे आणि लाकडाचे तुकडे गोळा करून आपल्या रचना करू लागला. पुढे १९५३ मध्ये झां द्युब्युफेने आपल्या कामासाठी असेंब्लाज हा शब्द वापरला आणि १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने याच विषयावर मोठे प्रदर्शन भरवल्यानंतर तो शब्द जगभर रूढ झाला.

याच कालखंडात वर्धा जिल्ह्यात टाकाऊ वस्तूंविषयी एक स्वतंत्र आणि सखोल विचार आकार घेत होता, ही गोष्ट मात्र भारतीय कलेतिहासात क्वचितच विचारात घेतली जाते. मगनवाडी, सेवाग्राम आणि पवनार या तीन ठिकाणी १९३४ नंतर जे प्रयोग झाले, त्यांच्या कर्त्यांनी त्यांना कलाप्रयोग असे नाव दिले नव्हते. तरीही वस्तू टाकाऊ कधी ठरते, ती कोण ठरवतो आणि तिला पुन्हा मानाची जागा कशी मिळते, हे जुळणी-कलेचे मूळ प्रश्न तेथे दररोजच्या कामातून विचारले जात होते. या प्रयोगांचा विशेष असा की टाकलेली वस्तू आणि ती उचलणारा माणूस यांचा विचार तेथे एकत्र झाला. वर्ध्याच्या अनुभवातून जुळणी-कलेच्या इतिहासाला मिळणारी सर्वांत मोलाची भर हीच आहे.

हा विचार रुजायला इथली जमीन आधीपासून तयार होती. वर्धा हा कापसाचा मुलूख असल्याने पऱ्हाटी आणि तुराटी, म्हणजे कापूस व तूर काढून घेतल्यावर शेतात उरणाऱ्या काड्या, सरपणापासून कुडाच्या भिंतीपर्यंत सर्वत्र कामी येत असत. लुगडी-धोतरे विरली की त्यांचे थर एकावर एक शिवून वाकळ किंवा गोधडी तयार होई, आणि त्यातूनही उरलेले जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण दारोदार फिरे. घिसाडी समाजातील फिरते लोहार मोडके लोखंड भट्टीत तापवून त्याचे विळे, खुरपी आणि कुऱ्हाडी घडवत. मोटारगाड्या आल्यावर त्यांच्या कमानपट्ट्यांचे पोलादही याच कामाला लागले आणि झिजलेल्या टायरांच्या चपला बाजारात आल्या. या व्यवहारामागे गरिबी होती हे खरे. परंतु कोणत्या कापडाचा ताणा अजून टिकेल आणि कोणत्या लोखंडाला धार येईल हे हाताला कळण्याचे जे ज्ञान त्यात साठलेले होते, ते गरिबीचे उपउत्पादन मानणे अन्यायाचे ठरेल.

उपयोगाच्या पलीकडे जाऊन टाकाऊ वस्तूंना प्रतिमेचे रूप देण्याची प्रथाही विदर्भात जुनी आहे. श्रावण अमावास्येला पोळा झाला की दुसऱ्या दिवशी लहान मुले लाकडी बैल मिरवत तान्हा पोळा साजरा करतात आणि सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे) या गावचा तान्हा पोळा त्यासाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. याच दिवशी नागपुरात मारबत आणि बडगे निघतात. मारबत ही रोगराई व अनिष्टाचे प्रतीक असलेली स्त्रीप्रतिमा असून नागपुरातील काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासून आणि पिवळ्या मारबतीची १८८५ पासून चालत आलेली सांगतात. बडगा म्हणजे तिच्याबरोबर निघणारा पुरुषाकृती पुतळा. बांबूचा सांगाडा, जुने कापड, कागद आणि घरात-रस्त्यावर मिळेल ते अडगळीचे सामान जोडून तो उभा केला जातो, त्या वर्षी लोकांना छळणाऱ्या एखाद्या संकटाचे किंवा अन्यायाचे नाव त्याला दिले जाते आणि मिरवणुकीनंतर तो गावाबाहेर जाळला जातो. अडगळीतून सार्वजनिक शिल्प रचायचे, त्याच्याकरवी समाजाने आपले म्हणणे मांडायचे आणि मग ते नष्ट करायचे, ही रीत कलादालनातील जुळणी-कलेहून जुनी आहे, आणि तिचा कर्ता एखादा कलावंत नसून अख्खी वस्ती असते.

विदर्भाच्याच मातीत, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी हा विचार स्वतःच्या देहावर धारण केला. रंगीबेरंगी चिंध्यांचा अंगरखा, हाती खराटा, जवळ खापराचे गाडगे, एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच असा त्यांचा वेश होता आणि त्यावरूनच लोक त्यांना चिंधेबुवा, गोधडेबुवा अशा नावांनीही ओळखत. समाजाने फेकलेल्या वस्तूंचा तो वेश पाहणाऱ्याला आपल्याच टाकून देण्याच्या सवयीपुढे उभा करत असे. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांच्या मनातील अंधश्रद्धा व अस्पृश्यता झाडायची, या त्यांच्या क्रमात कचरा आणि माणसाची अवहेलना हे दोन वेगळे विषय उरतच नसत.

महात्मा गांधी वर्ध्याला आले तेव्हा त्यांच्यापुढे हा सारा लोकव्यवहार होता, पण गिरणीच्या मालापुढे तो वेगाने मागे हटत होता. ऑक्टोबर १९३४ मध्ये काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनात झालेल्या ठरावानुसार १४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. कृष्णदास जाजू त्याचे अध्यक्ष आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा चिटणीस झाले. वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांनी आपली संत्र्यांची बाग व तेथील इमारत संघाला दिली आणि १९२८ मध्ये दिवंगत झालेले गांधींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. तेलघाणी, हातसडीचे तांदूळ, गूळ, मधमाशापालन, साबण, चामडे आणि हातकागद असे अनेक उद्योग तेथे अभ्यासले व सुधारले जाऊ लागले.

कुमारप्पांनी या कामाला सैद्धांतिक बैठक दिली. खनिज तेल, कोळसा आणि धातू यांसारखा साठा एकदा वापरला की संपतो, म्हणून त्यावर उभे राहिलेले अर्थकारण त्यांनी साठ्याचे अर्थकारण मानले; याउलट शेती, वनस्पती आणि श्रम यांतून दरवर्षी नव्याने मिळणाऱ्या संपत्तीचे अर्थकारण त्यांनी प्रवाही मानले आणि पहिले संघर्षाकडे तर दुसरे शांततेकडे नेते असे प्रतिपादन केले. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, तुरुंगात लिहिलेल्या 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' या ग्रंथात हा विचार त्यांनी विस्ताराने मांडला. निसर्गात कचरा असा पदार्थच नसतो, एका जीवाने सोडलेले दुसऱ्याचे अन्न होते, या निरीक्षणावर त्यांची सगळी मांडणी उभी होती. टाकाऊपणा हा वस्तूचा गुण नसून तिच्याभोवतीच्या व्यवस्थेचा दोष आहे, असा निष्कर्ष त्यातून निघतो.

या सिद्धांताचे सर्वांत स्पष्ट रूप मगनवाडीच्या हातकागदाच्या कामात दिसत असे. महाराष्ट्रात दौलताबादजवळचे कागझीपुरा आणि जुन्नर येथे हाताने कागद करणाऱ्या कागझी कारागिरांची परंपरा शतकानुशतके होती. गिरणी-कागदाने ती मोडकळीस आणली होती. संघाने ती पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न केला. चिंध्या, गोणपाट, जुने दोर आणि वापरलेला कागद हा या धंद्याचा कच्चा माल होता. तो निवडून, भिजवून, कुटून त्याचा लगदा करायचा. तो पाण्याच्या हौदात कालवायचा. चौकटीवर ताणलेली बारीक काड्यांची चाळण, जिला छापरी म्हणतात, त्या पाण्यात बुडवून अलगद वर उचलायची. पाणी निथळले की तिच्यावर उरलेला तंतूंचा पातळ थर कापडावर उतरवून दाबायचा, वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटून लिहिण्याजोगा करायचा, असा तो क्रम होता. कागदाच्या पृष्ठावर एखादा रंगीत धागा किंवा न कुटलेला तंतू दिसून येई आणि पूर्वी कोणाच्या अंगावर असलेल्या कापडाची ती खूण तशीच राही. संघातर्फे या विषयावर लिहिणारे के. बी. जोशी यांनी पुढे पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेत हे काम वाढवले.

खुद्द गांधींचा दैनंदिन व्यवहार याच वळणाचा होता. आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठी आणि पाकिटे उलगडून मिळालेला कागद ते लिहिण्यासाठी वापरत, पेन्सिलीचा तुकडा हाती धरता येईल तोवर टाकत नसत. मगनवाडीत तयार झालेला मगनदीप याच विचारातून आला. रॉकेलच्या कंदिलाच्या रचनेत बदल करून अखाद्य वनस्पती तेलावर जळणारा हा दिवा संघाने तयार केला. खेड्याच्या कुंपणावर आणि रानात वाया जाणाऱ्या बियांना त्यामुळे काम मिळाले. हा सगळा संग्रह लोकांना पाहता यावा म्हणून उभारलेल्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी झाले. राजेरजवाड्यांच्या मौल्यवान वस्तू सोडून घाणी, चरखा, चूल आणि कागदाची चाळण यांना प्रदर्शनाचा मान देणारे हे संग्रहालय त्या काळातील एक धाडसी कल्पना होती, आणि आजही ते वर्धा शहरात कार्यरत आहे.

गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव या खेड्यात राहायला गेले. १९४० मध्ये त्याच गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. तेथील आदिनिवास आणि बापूकुटी माती, बांबू, चटया, लाकूड आणि कवेलू या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून गावच्या कारागिरांनी बांधल्या. गांधींच्या शिष्या मीराबेन यांनी कुटीच्या मातीच्या भिंतींवर ताडाची झाडे आणि चरखा यांची उठावशिल्पे हाताने काढली. शेणमातीच्या सारवणाखेरीज दुसरे कोणतेही साहित्य न लागणारी ही शिल्पे या परिसरातील आधुनिक कलेचा अगदी प्रारंभीचा नमुना म्हणून पाहिली पाहिजेत. १९३६ च्याच अखेरीस खानदेशातील फैजपूर येथे, म्हणजे प्रथमच एका खेड्यात, काँग्रेसचे अधिवेशन भरले. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी गांधींच्या आग्रहावरून तेथील मांडव, प्रवेशद्वारे आणि प्रदर्शनाची सजावट बांबू, चटया, गवत अशा स्थानिक साहित्यातून केली. शहरातून सामान न आणता खेड्याजवळ जे आहे त्यातूनच भव्यता साधायची, ही गांधींनी घातलेली अट कलावंताला बंधन न वाटता आव्हान वाटली, याचा तो पुरावा होता.

तथापि वस्तूंच्या पुनर्वापरापाशी हा विचार थांबला असता तर तो काटकसरीचा उपदेश ठरला असता. मगनवाडीतील सहकारी १९३५ मध्ये वर्ध्यालगतच्या सिंदी गावात रोज सकाळी बादल्या व फावडी घेऊन मैला आणि कचरा उचलायला जात. त्यात गांधींचे चिटणीस महादेव देसाई आणि मीराबेन यांच्यासारखी माणसे होती. मैल्याचे सोनखत करायचे, म्हणजे तो मातीत पुरून कुजवून शेताला परत द्यायचा, हा त्यातील शेतीचा भाग होता. पण ज्या जातींवर हे काम पिढ्यानपिढ्या लादले गेले त्यांच्या वाट्याला आलेली अस्पृश्यता मोडणे हे त्याचे खरे प्रयोजन होते. गांधींचे सहकारी विनोबा भावे यांनी १९४६ पासून पवनारजवळच्या सुरगावात दररोज पायी जाऊन हेच भंगीकाम दीर्घकाळ केले. घाण निर्माण करणारा प्रतिष्ठित आणि ती उचलणारा तिरस्कृत, ही उलटी व्यवस्था जोवर टिकून आहे, तोवर टाकाऊतून टिकाऊ घडवण्याच्या प्रत्येक गौरवात एक अपुरेपणा राहणार, हे या कामाने दाखवून दिले. स्वेच्छेने काही काळ हे काम करणारा आणि जन्माने त्यात अडकलेला यांच्यातील अंतर त्यामुळे मिटले नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. या अन्यायाविरुद्धचा निर्णायक आवाज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने उठवला.

सापडलेल्या वस्तूचे सर्वांत विलक्षण उदाहरण पवनारमध्ये आहे. धाम नदीकाठच्या या गावी विनोबा १९३८ मध्ये राहायला आले आणि प्रकृती सुधारण्यासाठी त्यांनी शेतात खोदकाम सुरू केले. या परमधाम आश्रमाच्या आवारात जमिनीखालून एकामागून एक प्राचीन शिल्पे वर येऊ लागली. प्राच्यविद्या अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजेच वाकाटक राजा द्वितीय प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर असल्याचे मत मांडले आणि तेथील शिल्पपट रामकथेवरील असून ते इसवी सनाच्या पाचव्या शतकातील राममंदिराचे असावेत असे प्रतिपादन केले. पुढे १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले.

या शिल्पांपैकी राम आणि भरत यांच्या भेटीचे म्हणून ओळखले जाणारे शिल्प विनोबांना विशेष प्रिय झाले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली दिलेल्या गीता प्रवचनांत, बाराव्या अध्यायाच्या विवेचनात, त्यांनी सगुण आणि निर्गुण भक्तीसाठी लक्ष्मण व भरत यांचा दाखला दिला होता. त्यानंतर काही वर्षांनी तीच भेट दगडात कोरलेली कुदळीला लागावी, हा त्यांना प्रसाद वाटला. आश्रमाने ही शिल्पे आपल्याच आवारात जपली, काही भिंतींत बसवली, आणि १९५९ मध्ये स्थापन झालेल्या ब्रह्मविद्या मंदिरातील भगिनींच्या नित्य जीवनाचा ती भाग झाली. मूळ मंदिर नष्ट झालेले, मूर्ती खंडित, त्यांचा क्रम हरवलेला, तरी नव्या वास्तूत त्यांची नवी मांडणी करून त्यांना पुन्हा अर्थ देणे ही कृती जुळणी-कलेच्या अगदी गाभ्याशी जाते. पुराणवस्तू म्हणून त्यांचे मोल अभ्यासकांनी सांगितले. आश्रमाने त्यांना सहवासाची जागा दिली.

हा वारसा शिक्षणातही उतरला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम, म्हणजे उत्पादक हस्तकामातून शिक्षण देण्याची पद्धत, पुढे आली आणि आर्यनायकम व आशादेवी या दांपत्याने सेवाग्रामात तिची शाळा घडवली. शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार व कुंभकार देवीप्रसाद १९४४ मध्ये तेथे कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत राहिले. विकत आणलेल्या रंगसाहित्यावर अवलंबून न राहता सभोवतालच्या माती, पाने आणि तंतूंकडे पाहायला मुलांना शिकवणे आणि कलेला सर्व शिक्षणाचा पाया मानणे, ही त्यांची भूमिका त्यांच्या बालकलेवरील ग्रंथातून पुढे भारतभर पोहोचली. महाराष्ट्रात नंतर अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटी, सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि जुन्या बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी करण्याची जी चळवळ पुण्यातून चालवली, तीही याच कुळातली आहे.

स्वातंत्र्यानंतर भारतात टाकाऊ वस्तूंची कला उघडपणे कला म्हणून पुढे आली. नेकचंद यांनी चंडीगडला १९५७ पासून गुपचूप फुटक्या कपबश्या, बांगड्या आणि पाडलेल्या घरांचा मलबा जमवून रचलेली बाग १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झाली. मुंबईत पिलू पोचखानवाला यांनी भंगार धातूच्या तुकड्यांतून शिल्पे जोडली. अलीकडच्या वर्षांत या प्रवाहाचे एक टोक सेवाग्रामलाच येऊन मिळाले. सेवाग्राम विकास आराखड्याच्या निमित्ताने मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयातील कलावंतांनी मोटारींचे निकामी भाग आणि लोखंडी भंगार जोडून गांधी आणि विनोबा यांच्या भव्य प्रतिमा उभ्या केल्या. गिअर, साखळ्या, स्प्रिंगा आणि पत्रे यांच्यातून ओळखीचा चेहरा उमटताना पाहणारा थबकतो, आणि यंत्राच्या अवशेषांतून यंत्रयुगाच्या दोन टीकाकारांचे रूप साकारावे यातील आशय त्याच्या मनात सहज उतरतो.

अशा कलाकृतींकडे पाहताना कोणत्या कसोट्या लावाव्यात, हे वर्ध्याचा पूर्वेतिहास सांगतो. वस्तू ज्या कारणाने टाकाऊ झाली त्या कारणाचा विचार रचनेत जागा आहे का. घडवलेली गोष्ट पाहणाऱ्याच्या हातांना काही करायला प्रवृत्त करते का. आणि भंगार गोळा करणाऱ्या, वेचणाऱ्या, फोडणाऱ्या, विकणाऱ्या माणसांना त्या गौरवात वाटा मिळतो का, हे तीन प्रश्न मगनवाडी, सेवाग्राम आणि सुरगाव येथील कामातून थेट निघतात. भव्य कलाकृती पहिल्या दोन कसोट्यांवर उतरली तरी तिसरीवर बहुधा अपुरी पडते, कारण शिल्पाच्या फलकावर कलावंताचे नाव येते आणि ज्याने तो गिअर कचऱ्यातून बाहेर काढला त्याचा श्रम नोंदीबाहेर राहतो. सुरक्षित हातमोजे, योग्य मजुरी, आरोग्यसेवा आणि मुलांचे शिक्षण यांवर या कामगारांचा हक्क आहे, आणि टाकाऊतून कला घडवणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या निर्मितीखर्चात तो धरणे हे गांधी-विनोबांच्या भूमीत तरी स्वाभाविक कर्तव्य ठरावे.

भारतीय आधुनिक कलेचा इतिहास नव्याने लिहिला जाईल तेव्हा पॅरिस, हानोव्हर आणि न्यूयॉर्क यांच्या जोडीला मगनवाडीचा कागदाचा हौद, बापूकुटीची मातीची भिंत, बडग्याचा बांबूचा सांगाडा आणि पवनारची खंडित शिल्पे यांना त्यात स्थान मिळाले पाहिजे. युरोपातील कलावंतांनी टाकाऊ वस्तूला दृष्टीचा विषय केले आणि ते मोठे काम होते; वर्ध्याच्या माणसांनी तिला अर्थकारण, शिक्षण आणि सामाजिक समतेचा विषय केले. या दोन्ही परंपरा परस्परांना पूरक आहेत. जिल्ह्यातील शाळांनी, महाविद्यालयांनी आणि मगन संग्रहालयासारख्या संस्थांनी त्या एकत्र शिकवल्या, तर पुढच्या पिढीतील कलावंत भंगाराच्या ढिगाकडे पाहताना त्याच्यापाशी वाकलेल्या माणसाकडेही त्याच आदराने पाहील.